तिन्हीसांजेची दुर्बीण

आजोबांची बंदूक मी पाहिली नाही. तिच्यावरची दुर्बीण मात्र जबलपूरच्या घरी कपाटात आहे. तीन ते नऊ पट दाखविणारी, ४० मिलिमीटर भिंगाची. पटीची कडी अजून नवावरच आहे.

भिंगाच्या व्यासास पटीने भागिले की डोळ्याशी येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी निघते. (कारकुनाला भागाकार तेवढा येतो!) नवास साडेचार मिलिमीटरही भरत नाही, सहावर साडेसहांहून अधिक. पस्तिशीतली बाहुली काळोखात सहा-सातांपर्यंत विस्फारते. माझ्याच वयाच्या आजोबांनी मोठे दिसावे म्हणून कडी नवावर नेली, आणि १९६४ सालच्या एका तिन्हीसांजेला सांबर समजून गवळ्याची गाय मारली. किंमत त्यांनी चुकती केली. त्या वाटेने मात्र पुन्हा गेले नाहीत. पुढे १९७२ च्या कायद्याने शिकारीवर कडक निर्बंध आले.

परवा वडिलांना कान्ह्याला न्यावयाचे म्हणून दुर्बीण घ्यावयास गेलो. आधी ७×५० हाती घेतली. पण सत्तरीकडे झुकलेली बाहुली पाचांपुढे क्वचितच उघडते. उरलेला उजेड बाहेरच सांडावयाचा. ८×४२ घेतली.

दिवेलागणीला वडिलांनी ती गच्चीवर डोळ्यांस लावली. बराच वेळ बोलले नाहीत.

"नाल्यापलीकडे गाय आहे," मग म्हणाले. "गायच आहे."