बोलावणं

वाढदिवस म्हटला की कुणाला केक आठवतो, कुणाला नवे कपडे. मला मात्र एक बंद दार आठवतं.

आमच्या वरळीच्या बी. डी. डी. चाळीत दारं सहसा बंद नसत. मजल्यावर वीस खोल्या, मधून लांबलचक बोळ, आणि खोली १६० चौरस फुटांची. कुणाकडे मासळी शिजते अन् कुणाकडे भांडण जुंपलंय, हे साऱ्या मजल्याला कळे. तिथे दाराला बांधलेले फुगे लपणार कसे?

२०१४ साल. मी दुसरीत होतो. समोरच्या खोलीतल्या मुलाचा वाढदिवस होता. तो रोज आमच्यातच खेळायचा. म्हणून मी केस विंचरून, इस्त्रीचा शर्ट घालून उंबऱ्यात बसलो. त्याच्या इंग्रजी शाळेतली मुलं एकेक करून आत गेली. मग दार लागलं. टाळ्या ऐकू आल्या. बोळात आम्ही दोघेच उरलो : मी आणि टोकाच्या खोलीतला माझा दोस्त. आम्ही दोघं म्युनिसिपल शाळेतले. तो म्हणाला, "चल, गोट्या खेळू." आम्ही खेळलो, पण माझे कान त्या दाराकडेच होते.

रात्री आईला विचारलं, "मला का नाही बोलावलं?"

"खोली केवढीशी, बाळा! सगळी कशी मावतील?"

त्याच खोलीत गणपतीच्या आरतीला अख्खा मजला मावतो, हे काही मी तिला म्हणालो नाही.

बाबा हसले. त्यांना स्वतःचा वाढदिवसच ठाऊक नाही. गावात जन्माची नोंद नसली की शाळेत घालताना गुरुजी १ जून ही तारीख लावून टाकत. अर्ध्या वर्गाचा जन्म एकाच दिवशी! पण त्या दिवशी कुणाच्याच घरी काही नसे, त्यामुळे कुणी वगळलंही जात नसे.

पुढल्या वर्षी बाबांनी माझ्यासाठी अर्धा किलोचा केक आणला. आई म्हणाली, "आठ पोरांना बोलव." मी बोटं मोजू लागलो. पहिलं नाव घेतलं ते समोरच्या मुलाचं! त्याला बोलावलं तर तो मला बोलावील, हा हिशेब. मग त्याचे शाळासोबती. आठ भरले. टोकाच्या खोलीतला दोस्त राहून गेला.

राहून गेला म्हणतो, ते खोटं आहे. मी त्याला वगळला. तो आपलाच, तो कुठे जातो, असं वाटलं. शिवाय त्याचा फाटका शर्ट त्या मुलांना दिसू नये, असंही वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो नेहमीसारखा शाळेला जाताना हाक मारायला आला. वाटभर काही बोलला नाही. त्याने विचारलं असतं, तर मी काय सांगणार होतो? खोली लहान आहे, हेच.

समोरच्या मुलाने पुढेही मला बोलावलं नाही. त्याचं आता काही वाटत नाही. सलतं ते दुसरंच.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये आमच्या चाळींतल्या पहिल्या कुटुंबांना नव्या इमारतीत ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. जागेची सबब आता फार दिवस चालणार नाही. टोकाच्या खोलीतला दोस्त दहावीनंतर कामाला लागला. मी कॉलेजात आलो. भेटलो की हसतो, एवढंच.

यंदा पहिलं बोलावणं त्याला करणार आहे. यायचं की नाही, ते त्याने ठरवावं.