नाण्याखालची चिठ्ठी

तळहातावर ठेवले, तर त्याचे वजन जेमतेम सहा ग्रॅम भरते. आकारही आजच्या रुपयाच्या नाण्याच्या जवळपास. एका बाजूला मोकळ्या केसांच्या लारिसा या अप्सरेचा चेहरा. दुसऱ्या बाजूला मान खाली घालून, पुढचा एक पाय किंचित उचलून चरणारा घोडा. ग्रीसमधील थेसली प्रांतातल्या लारिसा नगराने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात पाडलेले हे चांदीचे नाणे. त्याचे नाव द्राख्मा. ज्या हाताने त्याचा ठसा कोरला तो हात, ज्या बाजारात ते फिरले तो बाजार, सारे काळाच्या उदरात गडप झाले. घोडा मात्र अजून चरतोच आहे.

अशी नाणी जमवणारी माणसे जगभर आहेत. प्राचीन ग्रीकांची नगरराज्ये शेकडो होती आणि त्यांच्या टाकसाळीही अनेक. सगळीच नाणी गोळा करू म्हटले, तर एक जन्म पुरणार नाही आणि कुबेराचे भांडारही अपुरे पडेल. म्हणून जाणता संग्राहक आपल्या छंदाला स्वतःच कुंपण घालतो. कोणी एकाच नगराची नाणी निवडतो, कोणी एकाच राजाची, तर कोणी केवळ अश्वमुद्रा असलेली चांदीची नाणी. वरवर पाहता हे क्षेत्र अरुंद वाटते. पण विहीरही अरुंदच असते आणि तरीही तिचे पाणी आटत नाही.

घोडाच का, हा प्रश्न संग्राहकाला पहिल्यांदा पडतो आणि त्याचे उत्तर त्याला थेट इतिहासात घेऊन जाते. ग्रीसची भूमी डोंगराळ आणि खडकाळ. तेथे शेळ्यामेंढ्या पोसणे सोपे, घोडा पोसणे महागाचे. ज्याच्या दारी घोडा, तो कुलीन आणि श्रीमंत, असे समीकरणच होते. ‘हिप्पोस’ म्हणजे घोडा. फिलिप्पोस, हिप्पोक्रेटिस, झांथिप्पी या नावांत तो दडलेला आहे. थेसलीला मात्र विस्तीर्ण कुरणे लाभली होती. तेथील घोडे आणि घोडदळ साऱ्या ग्रीसमध्ये नावाजलेले. अलेक्झांडरचा प्रसिद्ध घोडा ब्युसेफॅलस हाही थेसलीच्याच एका माणसाने विकायला आणला होता, असे प्लुटार्कने लिहून ठेवले आहे. लारिसाच्या नाण्यावर चरणारा घोडा म्हणजे त्या भूमीने सांगितलेली स्वतःची ओळख होती.

कॉरिंथचा घोडा पंखांचा. त्याचे नाव पेगॅसस. अथेना देवीने दिलेल्या लगामाच्या साहाय्याने बेलेरोफोन या वीराने त्याला वश केले, अशी कथा आहे. म्हणून नाण्याच्या एका अंगाला पेगॅसस आणि दुसऱ्या अंगाला शिरस्त्राण घातलेली अथेना. व्यवहारात लोक या नाण्यांना चक्क ‘शिंगरे’ म्हणत. घोड्याच्या पोटाखाली एक अक्षर दिसते, ते ‘कोप्पा’. नगराच्या नावाचे जुने आद्याक्षर. ग्रीक वर्णमालेतून ते पुढे गळून गेले, पण कॉरिंथच्या नाण्यावर टिकून राहिले. लिपीने टाकून दिलेले अक्षर एका घोड्याच्या आश्रयाने जगले.

मॅसिडोनियाचा राजा दुसरा फिलिप याच्या चांदीच्या नाण्यावर घोडा आहे आणि पाठीवर एक तरुण स्वार. काही नाण्यांवर त्या स्वाराच्या हाती विजयाची खूण म्हणून पामची फांदी आहे. इ.स.पू. ३५६ मध्ये ऑलिंपियाच्या शर्यतीत फिलिपचा घोडा जिंकला. ही वार्ता आणि पुत्र अलेक्झांडरच्या जन्माची वार्ता त्याला एकाच वेळी मिळाली, असे प्लुटार्क सांगतो. ही नाणी व्यापारी आणि भाडोत्री सैनिक यांच्याबरोबर उत्तरेकडे गेली. डॅन्यूब नदीच्या खोऱ्यातील केल्टिक लोकांनी त्यांच्या नकला पाडल्या. नकलेची नक्कल होता होता घोड्याचे अंग सुटे झाले. पाय काड्यांसारखे, आयाळ ठिपक्यांची. अशी दहा नाणी क्रमाने मांडली, की एक आकृती एका संस्कृतीतून दुसरीत कशी जाते, हे शब्दांवाचून कळते.

नाणे पाडण्याची रीतही संग्राहकाचा डोळा घडवते. एक ठसा ऐरणीत घट्ट बसवलेला, त्यावर चांदीची चकती, वर दुसरा ठसा आणि त्यावर घणाचा घाव. घाव जरा तिरका पडला, की घोड्याचे शेपूट नाण्याबाहेर जाई. त्यामुळे एकाच ठशातून निघालेली दोन नाणीही तंतोतंत सारखी नसतात. नवशिका चकाकी पाहतो. जाणकार ठसा पाहतो. काळाने चढलेली करडी छटा घासून काढणे म्हणजे नाण्याचे वय पुसणे होय, हे त्याला ठाऊक असते.

जेथे मूल्य असते, तेथे लबाडीही येते. खुद्द ग्रीक काळातही तांब्याच्या गाभ्यावर चांदीचा पत्रा चढवून खोटी नाणी पाडली जात. अशा संशयाने छिन्नीचा घाव घातलेली नाणी आजही पाहायला मिळतात. एकोणिसाव्या शतकात जर्मनीतील कार्ल बेकर याने प्राचीन नाण्यांचे हुबेहूब ठसे कोरले. आपली नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून तो ती लोखंडाच्या किसाबरोबर पेटीत घालून घोडागाडीला बांधे आणि गाडी रस्त्याने पळवी, असे सांगतात. नाण्यांवरच्या घोड्यांना खऱ्या घोड्यांनी म्हातारे केले!

परंतु बनावट नाण्यापेक्षाही मोठा पेच खऱ्या नाण्यापाशी उभा राहतो. ज्या नाण्याची दहा वर्षे वाट पाहिली, ते एक दिवस विक्रेत्याच्या मखमलीवर समोर येते. अस्सल, सुबक, किंमतही आवाक्यातली. संग्राहक भिंग खाली ठेवून विचारतो, “हे कोठे सापडले? आधी कोणाकडे होते?” विक्रेता हसून विषय बदलतो. नाण्याखाली चिठ्ठी नसते. संग्राहकाच्या खऱ्या परीक्षेचा क्षण तो हाच.

त्या चिठ्ठीत असते तरी काय? नाणे कोठे मिळाले, कोणत्या साठ्यात होते, कोणाकोणाच्या हातून आले, एवढीच माहिती. पण तिच्यावाचून नाणे मुके होते. जमिनीतला साठा म्हणजे जणू एक पूर्ण वाक्य. त्यातले एकेक नाणे शब्द. शब्द सुटे करून विकले, तर वाक्याचा अर्थ कायमचा हरवतो. १९८४ मध्ये तुर्कस्तानात एल्माली गावाजवळ सुमारे १९०० प्राचीन चांदीच्या नाण्यांचा साठा चोरून उकरला गेला. नाणी परदेशी गेली आणि तेथील बाजारात विखुरली. दीर्घ न्यायालयीन झगड्यानंतर त्यांतील बहुतांश नाणी १९९९ मध्ये मायदेशी परतली. मात्र उकरताना जमिनीतला जो पुरावा विस्कटला, तो कोणत्याही निकालाने परत मिळणारा नव्हता.

याच्या उलट उदाहरण भारतात आहे. ग्रीकांची नाणी पाडण्याची पद्धत अलेक्झांडरनंतर वायव्य भारतात रुजली. पंजाबात राज्य करणाऱ्या हिप्पोस्ट्रॅटस या राजाच्या नावाचाच अर्थ ‘अश्वसेना’. त्याच्या चांदीच्या नाण्यांवर तो घोड्यावर आरूढ दिसतो. ग्रीक लेखाबरोबर खरोष्ठी लिपीत ‘महरजस’ हा शब्दही आहे. पुढे नहपान या क्षत्रप राजाच्या नाण्यांवरही ग्रीक अक्षरे राहिली. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे त्याच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा मिळाला. त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा ठसा पुन्हा मारलेला होता. साठा अभ्यासकांपर्यंत पोहोचला, त्याची नोंद झाली, म्हणून सातवाहनांच्या विजयाचा ठळक पुरावा हाती आला. तीच नाणी एकेक करून सोनाराच्या मुशीत गेली असती, तर इतिहासाचे एक पानच वितळले असते.

म्हणूनच कायदाही येथे जागरूक आहे. जमिनीत धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असे १८७८ चा कायदा सांगतो. शंभर वर्षांहून जुनी नाणी खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाहीत, असे १९७२ चा पुरावस्तूविषयक कायदा बजावतो. मात्र मखमलीवरच्या नाण्यासमोर बसलेल्या माणसाला कायद्यापेक्षाही त्याचा विवेकच अधिक उपयोगी पडतो. चिठ्ठी नसलेले नाणे तो एकवार डोळे भरून पाहतो, हलकेच परत ठेवतो आणि रिकाम्या हाताने घरी जातो. त्या दिवशी त्याच्या संग्रहात भर पडत नाही. पण संग्राहक म्हणून तो मोठा होतो.

संस्कृतात ‘द्राख्मा’चा ‘द्रम्म’ झाला. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त सोळा पणांचा एक द्रम्म, असे कोष्टक आहे. त्याच द्रम्माचा पुढे ‘दाम’ झाला आणि तो मराठीतही रुळला. दाम मोजून नाणे विकत घेता येते. त्याची कहाणी मात्र जपावी लागते. चोवीसशे वर्षे जगलेल्या नाण्याचा कोणीही मालक नसतो. संग्राहक असतो तो केवळ काही वर्षांचा राखणदार. एके दिवशी नाणे दुसऱ्याच्या हाती जाणारच. तेव्हा त्याच्याखाली स्वच्छ अक्षरांत लिहिलेली एक चिठ्ठी असावी, एवढेच त्याच्या हाती असते. मग घोडा नव्या हातातही निर्धास्तपणे चरत राहतो.