खण, खांब आणि माती

घर बांधायला काढले की फुकट सल्ला देणारे आपोआप गोळा होतात. आड कुठे खणावा, दार कोणत्या अंगाला ठेवावे, हे सांगायला माणूस गवंडीच असावा लागतो असे नाही. संगणकावर बांधकाम करणाऱ्यांचीही हीच तऱ्हा आहे. दोन जाणकार तरुण एकत्र आले की ‘फ्रेमवर्क कोणते घ्यायचे?’ यावरून जो वाद जुंपतो, त्यापुढे आम्हा लेखकांची भांडणे म्हणजे भजन वाटावे. अशा एका वादात मला यंदा पंच म्हणून बसवण्यात आले.

माझी पात्रता काय, असे कुणी विचारील. इंग्रजी मॅट्रिकपुरते, पेशा मास्तरकीचा, आणि नाद कादंबऱ्या लिहिण्याचा. पण भांडणारे दोघेही माझे जुने विद्यार्थी होते, आणि काम आमच्या वस्तीतल्या वाचनालयाचे होते. पुस्तकांची यादी आणि देवघेव संगणकावर ठेवायची होती. एक पुण्याला मोठ्या कंपनीत आहे. दुसरा इथे नांदेडलाच दुकानदारांची कामे करतो. “सर, तुम्हीच सांगा,” असे दोघेही म्हणाले आणि दोघेही माझे न ऐकता बोलत राहिले.

फ्रेमवर्क म्हणजे काय, हे मी माझ्या भाषेत समजावून घेतले ते असे. वेबवर चालणारे कोणतेही काम घ्या. त्याच त्या गोष्टी करायच्या असतात. कुणी कोणता पत्ता मागितला ते पाहून योग्य पान पुढे करायचे, साठवलेल्या माहितीतून हवी ती नोंद काढायची, आत येणारा माणूस ओळखीचा आहे की नाही ते तपासायचे, अर्जात कुणी भलतेच काही घुसडले तर अडवायचे. हे वाचनालयाला लागते आणि बँकेलाही लागते. दर वेळी सारे नव्याने लिहिण्यापेक्षा, ज्याने ते एकदा नीट लिहून ठेवले आहे त्याचा सांगाडा घ्यावा आणि आपल्या भिंती त्यात भराव्यात.

आमच्या मराठवाड्यात जुने माळवदाचे घर किती मोठे, ते फुटांनी सांगत नसत, खणांनी सांगत. दोन तुळयांमधली जागा म्हणजे खण. छपराचा भार खांब आणि तुळया पेलीत. खणाचे माप लाकडाच्या लांबीवर ठरे, मालकाच्या हौसेवर नव्हे. पाच खणांच्या घरात साडेपाच खणांची ऐट चालत नसे. शेजाऱ्याचा विळा मागून आणला तर तो आपल्या हाताने चालतो. सांगाड्यात मात्र आपल्याला त्याच्या मापाने राहावे लागते. प्रोग्रॅमर मंडळी लायब्ररी आणि फ्रेमवर्क यांत जो फरक करतात तो हाच. लायब्ररीला आपण हाक मारतो. फ्रेमवर्क आपल्याला हाक मारते.

पुण्याचा विद्यार्थी रिॲक्टच्या बाजूचा. फेसबुकने ते २०१३ साली सर्वांना खुले केले. पडद्यावर काही बदलले की तेवढाच भाग बदलतो, सारे पान पुन्हा मागवावे लागत नाही. मोबाइलवर वाचकाला ते सुखाचे जाते. नांदेडचा जँगोच्या बाजूचा. ते अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या लॉरेन्स या गावी, एका वृत्तपत्राच्या कचेरीत एड्रियन होलोवाटी आणि सायमन विलिसन यांनी २००३ साली सुरू केले, आणि २००५ साली ते जगापुढे आले. जँगो राइनहार्ट या गिटारवादकाचे नाव त्याला दिले आहे. मौज अशी की, वेळेचा रकाना अगदीच कोरा ठेवला तर जँगोचे मूळचे घड्याळ शिकागोची वेळ धरते. सांगाडा कुठेही गेला तरी माहेर विसरत नाही.

आणखी एक नाव निघाले, फ्रॅपेचे. ते तर आपल्या मुंबईचे. रुषभ मेहता यांनी घरच्या फर्निचरच्या धंद्याची गरज पाहून हिशेब आणि मालाची व्यवस्था लिहायला घेतली. तिच्या पोटातला सांगाडा म्हणजे फ्रॅपे. रूबी ऑन रेल्सचेही तसेच. तेही २००४ साली बेसकॅम्प नावाच्या एका चालत्या कामातूनच सुटे काढलेले. मला यात एक सूत्र दिसले. सांगाडा करायचा म्हणून हे कुणी केले नाही. माणसाने राहायला घर बांधले, आणि मग दिसले की खांब दुसऱ्याच्याही उपयोगाचे आहेत. आमच्या दोन खणांच्या वाचनालयाला फ्रॅपेचा वाडा मोठा होता, म्हणून ते नाव मागे पडले, एवढेच.

वाद असाच रंगला असता, पण आमच्या ग्रंथपाल बाई मध्येच म्हणाल्या, “तुम्ही दोघं नसताना हे बिघडलं, तर मी कुणाला विचारू?”

दोघेही गप्प झाले. बाईंच्या प्रश्नामागे अनुभव होता. वाचनालयाची यादी पूर्वी एकदा संगणकावर चढली होती. करणारा हुशार होता. तो नोकरीसाठी परगावी गेला. ज्या पीएचपी ५ वर ते काम उभे होते, त्याची देखभाल २०१८ च्या अखेरीस थांबली. पुढे जागा भाड्याने देणाऱ्या कंपनीने आपली यंत्रे नवी केली आणि एका सकाळी यादीच्या जागी कोरे पान दिसू लागले. बाईंनी दोन वर्षे रात्री बसून भरलेल्या नोंदी होत्या त्या. कापडी बांधणीची जुनी रजिस्टरे कपाटात होती म्हणून वाचनालय चालू राहिले.

माळवदाचे एक वैगुण्य आम्हाला ठाऊक आहे. छप्पर गळू लागले की वर पांढऱ्या मातीचा आणखी एक थर द्यायचा. गळती थांबते, ओझे वाढते. असे करता करता दीड-दोन फूट माती चढते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला धरणी हलली, तेव्हा मी शाळकरी पोर होतो. मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि ती जड माती यांखाली हजारो माणसे गेली. आणि काही घरांतून असेही दिसले की भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा तसाच उभा आहे.

त्या मरणाची बरोबरी संगणकाशी करण्याइतका मी उथळ नाही. पण ओझे कसे चढते, ते तिथे शिकण्यासारखे आहे. एका सांगाड्यावर दुसऱ्याची जोड, तिच्यावर तिसऱ्याची. प्रत्येक थर त्या दिवसाची गळती थांबवतो. मार्च २०१६ मध्ये एका माणसाने रागाच्या भरात आपले ‘लेफ्ट-पॅड’ नावाचे अकरा ओळींचे लिखाण सार्वजनिक भांडारातून काढून घेतले, आणि जगभरची हजारो कामे अडली. त्यांतल्या कित्येकांना आपण त्या अकरा ओळींवर उभे आहोत हेच माहीत नव्हते. मोठे नावही तारत नाही. गूगलचे अँग्युलरजेएस २०१० चे. २०१६ साली त्याच नावाचा नवा सांगाडा आला, तो जुन्याशी जुळेना, आणि जुन्याची देखभाल २०२१ च्या अखेरीस संपली.

शेवटी जँगो ठरले. ते सर्वांत चांगले म्हणून नव्हे. नोंदी भरण्याची पाने त्यात तयार मिळतात, म्हणून बाईंना पहिल्याच दिवशी काम करता आले. त्याची पायथन भाषा इथल्या महाविद्यालयांतली मुले शिकतात, म्हणून उद्या विचारायला गावातच कुणीतरी सापडेल. दर दोन वर्षांनी त्याची एक लांब पल्ल्याची आवृत्ती निघते, आणि तिची डागडुजी तीन वर्षे होते. पुण्याच्या विद्यार्थ्याने हट्ट सोडला, आणि यादीची प्रत दर शनिवारी साध्या कागदावर छापून निघेल अशी सोय स्वतःहून लिहून दिली.

मी एकच अट घातली: केले ते सारे मराठीत वहीत उतरवायचे. ती वही आता जुन्या रजिस्टरांशेजारी खिळ्याला टांगलेली आहे. पहिल्या पानावर बाईंच्या अक्षरात लिहिले आहे: “जँगो ५.२. देखभाल एप्रिल २०२८ पर्यंत. त्याआधी नवीन खांब घालणे.”