जहाजात शिरणारी गाडी

माझे वडील भुसावळला कॅरेज अँड वॅगन खात्यात होते. चाकं, ब्रेक, बफर, कपलिंग तपासून डबा धावायला लायक आहे की नाही हे सांगणं, हे त्यांचं आयुष्यभराचं काम. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी स्टेशनात गाडी आली की त्यांचं लक्ष आधी चाकांकडे जातं. युरोपात जायचं ठरलं तेव्हा मी त्यांना काय बघायचं आहे असं विचारलं. ते पॅरिस म्हणाले नाहीत की स्वित्झर्लंड म्हणाले नाहीत. इटलीत अजूनही प्रवाशांनी भरलेली गाडी जहाजात चढवून समुद्रापार नेतात, ती बघायची आहे, एवढंच म्हणाले.

इटलीच्या बुटाचं टोक आणि सिसिली बेट यांच्यामध्ये मेसिनाची सामुद्रधुनी आहे. सगळ्यात अरुंद ठिकाणी ती जेमतेम 3 किलोमीटर रुंद भरते. तिच्यावर पूल नाही. म्हणून रोमहून निघालेली इंटरसिटी किनाऱ्यावर येते, तिचे डबे सुटे होतात, जहाजाच्या पोटातल्या रुळांवर ढकलले जातात आणि पलीकडे मेसिनाला पुन्हा जोडले जातात. हे 1899 पासून चालू आहे. डेन्मार्क आणि जर्मनीच्या मध्ये अशीच सेवा होती, ती 2019 मध्ये बंद पडली. आपल्याकडे धनुष्कोडीला बोट मेलचे प्रवासी गाडीतून उतरून आगबोटीत बसत आणि पलीकडे श्रीलंकेतल्या तलैमन्नारला उतरत. तिथे माणसं जात, डबे जात नसत. बाबांना हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

आपल्याकडच्या सहल कंपन्यांच्या इटलीत रोम, फ्लॉरेन्स, पिसा आणि व्हेनिस असतं, तेही बसने. सिसिलीची गाडी मला कोणत्याच कार्यक्रमात दिसली नाही. म्हणून तिकिटं आपणच काढायची ठरलं, आणि पुण्यात आमच्या जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बाबा माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

इटलीतल्या तिकिटांचं गणित कळायला एकच भेद लक्षात ठेवावा लागतो. लांब पल्ल्याच्या गाड्यांचा कारभार वेगळा, प्रादेशिक गाड्यांचा वेगळा. फ्रेच्चारोसासारख्या वेगवान गाड्या आणि इंटरसिटी यांत आसन राखीव असतं आणि भाडं मागणीप्रमाणे वर जातं. लवकर काढलं तर स्वस्त, आदल्या दिवशी काढलं तर महाग. प्रादेशिक गाडीचं भाडं मात्र ठरलेलं असतं. चार महिने आधी काढा की गाडी सुटण्याआधी पाच मिनिटं, पैसे तेवढेच, आणि जागा मिळेल तिथे बसायचं. म्हणजे प्रादेशिक तिकिटासाठी महिनोन् महिने आधी जिवाचं रान करायची गरजच नाही. सगळी घाई लांब पल्ल्याच्या गाडीसाठी करायची.

आमची सिसिलीची इंटरसिटी सरकारी कंपनीची, म्हणजे ट्रेनितालियाची. 2012 पासून इटलीत इतालो ही खाजगी कंपनीही वेगवान गाड्या चालवते आणि तिच्यामुळे रोम, मिलान, नेपल्स या मार्गांवर भाड्याची चांगली स्पर्धा आहे. पण तिच्या गाड्या सामुद्रधुनी ओलांडत नाहीत.

संकेतस्थळ इंग्रजीत बघता येतं, तरी स्टेशनांची नावं इटालियनमध्ये टाकलेली बरी. नेपल्स म्हणजे नापोली, फ्लॉरेन्स म्हणजे फिरेंझे. शिवाय एका शहरात अनेक स्टेशनं असतात. रोमला तेर्मिनी, तिबुर्तिना, ओस्तियेन्से. नेपल्सला शहराच्या मधोमध चेंत्राले, आणि 2017 मध्ये सुरू झालेलं आफ्रागोला, जे शहराबाहेर आहे. म्हाताऱ्या माणसांना घेऊन जाताना हा फरक छोटा नसतो. आम्ही रोमा तेर्मिनी ते सिसिलीतलं ताओर्मिना-जार्दिनी असं लिहिलं आणि तारीख निवडली. गाड्यांची यादी समोर आली.

"वेटिंग किती आहे?" बाबांनी विचारलं.

"वेटिंग नसतंच तिथे, बाबा. जागा असेल तर तिकीट मिळतं, नसेल तर गाडी भरली असं दाखवतात."

"मग आरएसी?"

"तेही नाही."

ते थोडा वेळ गप्प बसले. ज्या माणसाने आयुष्यभर रेल्वेच्या पासवर प्रवास केला आणि लेकीच्या लग्नाच्या वऱ्हाडाला वेटिंगमधून बाहेर काढायला धावाधाव केली, त्याला असं सरळ हो किंवा नाही पचायला वेळ लागणारच.

भाड्याचे तीन प्रकार असतात. बेस सगळ्यात महाग, पण त्याची तारीख-वेळ बदलता येते. इकॉनॉमी मधलं, त्याच्या बदलाला अटी. सुपर इकॉनॉमी सगळ्यात स्वस्त, पण एकदा काढलं की पैसे परत नाहीत. इथे आपल्या लोकांनी थांबून विचार करायला हवा, कारण आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो आणि तो मिळण्याआधी स्वस्त तिकीट काढणं म्हणजे न आलेल्या पावसावर पेरणी करणं. आम्ही व्हिसा हातात पडेपर्यंत थांबलो. अर्जासोबत मुक्कामाची आणि प्रवासाची माहिती द्यावी लागते, तिथे रद्द करता येणारी हॉटेलची आरक्षणं आणि तारीखवार आखणी जोडली. बुकिंग साधारण चार महिने आधी उघडतं. मात्र युरोपातलं वेळापत्रक डिसेंबरच्या मध्यावर बदलतं आणि जूनमध्ये त्यात पुन्हा फेरफार होतात. त्या सुमाराच्या गाड्या उशिरा दिसू लागतात. गाडी दिसली नाही म्हणून ती नाहीच असं धरू नये, थोड्या दिवसांनी पुन्हा बघावं.

पैसे भरण्याचं पथ्य वेगळं. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार आपली कार्डं परदेशी व्यवहारासाठी मुळात बंदच असतात, ती आपणच बँकेच्या ॲपमधून सुरू करायची. युरोतल्या रकमेवर बँक आपला आकार लावते, तोही हिशेबात धरायचा. आणि ओटीपी भारतातल्या नंबरवर येतो, म्हणून मोठी तिकिटं घरूनच काढावीत. ईमेलवर तिकीट आलं, चौकोनी कोडसकट. बाबांनी मला त्याची छापील प्रत काढायला लावली. फलाटावर फोनची बॅटरी संपलेले लोक त्यांनी पुष्कळ बघितले होते, आणि त्यांचं बरोबर होतं.

रोमचं सगळे लिहितात, मी लिहीत नाही. नेपल्सबद्दल मात्र सांगते. शहराजवळ समुद्राला लागून पिएत्रार्सा नावाचा जुना इंजिन कारखाना आहे, आता तिथे राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय आहे. इटलीतली पहिली गाडी 3 ऑक्टोबर 1839 ला नापोली ते पोर्तिची अशी धावली, त्या मार्गावरच्या बायार्ड इंजिनाची प्रतिकृती तिथे ठेवली आहे. आपली बोरीबंदर-ठाणे गाडी 16 एप्रिल 1853 ची. बाबांनी तिथल्या तिथे साडेतेरा वर्षांचा फरक काढला आणि आपलं अंतर मात्र कितीतरी जास्त होतं हेही सोबत आलेल्या आईला ऐकवलं. याच कारखान्यात 1863 मध्ये आंदोलन करणाऱ्या कामगारांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या आणि त्यात काही जण मेले. ते कळल्यावर बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मे 1974 च्या रेल्वे संपात ते तरुण कामगार होते.

संपाचा विषय निघालाच आहे तर सांगते. इटलीत रेल्वेचे संप वारंवार होतात, पण ते आधी जाहीर करावे लागतात. 1990 चा कायदा आहे तसा. वाहतूक मंत्रालय संपांची यादी प्रसिद्ध करतं, आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळेत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्याच लागतात. आम्ही यादी पाहूनच निघालो होतो. एका शुक्रवारी संप होता, त्या दिवशी सकाळीच प्रादेशिक गाडी पकडली आणि काही अडलं नाही. कामगाराचा हक्क राहतो आणि कामावर जाणाऱ्या बाईची गाडीही राहते, ही व्यवस्था बाबांना मनापासून पटली. मलाही पटते.

प्रादेशिक गाडीच्या तिकिटाचं एक मात्र जपावं. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर ठसा उमटवायचा. मोबाइलवरचं असेल तर आधी चेक-इन करायचं. नाही केलं तर खिशात तिकीट असूनही दंड होतो. इंटरसिटीला यातलं काही लागत नाही.

सिसिलीची गाडी आम्ही मुद्दाम दिवसाची घेतली होती. रात्री शयनयान असलेली इंटरसिटीही आहे, पण तिच्यात आपण झोपलेले असताना समुद्र निघून जातो. खाली बुटाच्या टोकाकडच्या कालाब्रियात उतरताना समुद्र उजव्या हाताला येतो आणि कितीतरी वेळ सोडत नाही. गाडी एका बोगद्यातून बाहेर पडते, खाली निळं पाणी, मग पुढचा बोगदा. आईने आणलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी संपली. समोरच्या सीटवरच्या सिसिलियन आजींनी आम्हाला संत्री दिली. बाबा खिडकीपाशी, व्होल्ट मोजल्यासारखे वरच्या तारांकडे बघत. इटलीच्या जुन्या मार्गांवर 3,000 व्होल्टचा डीसी प्रवाह आहे, आणि मुंबईची लोकल कित्येक वर्षं 1,500 व्होल्ट डीसीवर चालली, हे त्यांनी मला त्या दिवशी सांगितलं.

किनाऱ्यावरच्या व्हिला सान जोव्हान्नी स्टेशनात इंजिन सुटलं. जहाजात वीजवाहक तारा नसतात, तेव्हा पुढचं काम शंटिंगच्या इंजिनाचं. गाडी थोडी पुढे, थोडी मागे, पुन्हा पुढे. बाकीचे प्रवासी फोनमध्ये होते. बाबा दरवाजाच्या काचेला नाक लावून उभे होते. आख्खी गाडी एका रुळावर मावत नाही, म्हणून तिचे तुकडे करतात आणि जहाजातल्या शेजारशेजारच्या रुळांवर ठेवतात. आमचा डबा हळूहळू आत सरकला, उजेड कमी झाला, आणि शेजारच्या खिडकीत आमच्याच गाडीचे दुसरे डबे येऊन उभे राहिले. भुसावळच्या यार्डात मी लहानपणापासून शंटिंग बघितलं आहे. पण लोखंडाचं एवढं वजन पाण्यावर तरंगणाऱ्या वस्तूत इतक्या हळुवारपणे शिरताना बघून माझा श्वास अडकला होता.

दारं उघडली. लोक वर डेकवर गेले. बाबा आधी दोन डब्यांच्या मधे गेले. तिथे नारिंगी जॅकेट घातलेला एक कामगार होता. युरोपातल्या या डब्यांना अजून दोन बाजूंना बफर आणि मधे स्क्रू कपलिंग असतं. आपल्या जुन्या आयसीएफ डब्यांना होतं तेच. आपल्या नव्या एलएचबी डब्यांना ते नाही, म्हणून बाबांना जणू जुना सोबती भेटला. त्यांनी दोन्ही हातांनी स्क्रू फिरवून आवळल्याची खूण केली, मग स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं आणि "इंडिया, रेल्वे" म्हणाले. त्या माणसाने हातमोजा काढून त्यांच्याशी हात मिळवला. मग बाबांनी बोटांनी रुळांची रुंदी दाखवली, आमची यापेक्षा मोठी म्हणून. आपली 1,676 मिलिमीटर, त्यांची 1,435. त्यालाही ते माहीत असावं, तो मान डोलवत राहिला.

डेकवर जिने चढून जावं लागतं, आईला गुडघ्यांमुळे वेळ लागला. वर उपाहारगृहात अरांचिनी मिळतात, भाताचे तळलेले गोळे, आणि या जहाजावर ते खाण्याची जुनी प्रथा आहे. शाकाहारी मंडळींनी विचारूनच घ्यावेत. बहुतेकांत खिमा असतो, आणि लोणी-चीजच्या प्रकारातही हॅम घालतात. पालकाचा मिळाला तर उत्तम. मेसिना जवळ आलं तसा बंदराच्या तोंडाशी उंच खांबावरचा मेरीचा सोनेरी पुतळा दिसला. 28 डिसेंबर 1908 च्या भूकंपाने हे शहर जवळजवळ भुईसपाट झालं होतं. आज दिसतं ते बहुतेक त्यानंतर उभं राहिलेलं आहे.

या सामुद्रधुनीवर पूल बांधायचं अनेक दशकं चाललं आहे. आताच्या आराखड्यात मधला गाळा 3,300 मीटरचा आहे, म्हणजे जगातल्या कोणत्याही झुलत्या पुलापेक्षा मोठा. ऑगस्ट 2025 मध्ये सरकारने त्याला मंजुरी दिली, ऑक्टोबरमध्ये तिथल्या लेखापरीक्षण न्यायालयाने हरकत घेतली. सिसिलीच्या लोकांना पूल हवासा का वाटतो हे मला त्या गाडीत बसून कळलं. तीन किलोमीटरच्या पाण्यासाठी डबे सोडणं, चढवणं, उतरवणं, जोडणं यात दोन तासांच्या आसपास वेळ जातो. रोज कामासाठी, दवाखान्यासाठी ये-जा करणाऱ्याला त्यात काव्य दिसायचं कारण नाही. बाबांचं मत विचारलं तर ते म्हणाले, पूल व्हावा, पण हे काम जाणणारी माणसं घरी बसू नयेत. यापेक्षा चांगलं मत मला सुचत नाही.

तुम्ही सिसिलीला जाणार असाल तर विमान सोडा आणि रोमहून दिवसाची इंटरसिटी घ्या. व्हिसा आला की लगेच तिकीट काढा आणि त्याची छापील प्रत जवळ ठेवा. घरात कोणी निवृत्त रेल्वेवाला असेल तर त्याला सोबत न्या, आणि जहाजात शिरल्यावर डेककडे धावण्याआधी थोडा वेळ खाली डब्यांपाशी थांबा.