जुनी होडी आणि नव्या होड्यांची योजना

देवबागला खाडीकाठी माडाखाली आमची होडी पाच पावसाळे पालथी पडून आहे. आंब्याच्या एकाच खोडातून कोरलेली, वर काथ्याने शिवलेल्या फळ्या, बाजूला उलांडी. तळ शाबूत आहे. वरच्या दोन फळ्या किड्याने पोखरल्यात आणि काथ्या कुजलाय. दुरुस्त करायची की मोडीत काढायची, यावर घरात वर्षभर वाद चाललाय. प्रश्न घरचाच, पण उत्तर शोधताना सरकारदारी जावं लागलं, म्हणून इथे लिहितोय. पोस्ट जरा लांब आहे.

आधी फायबरबद्दल. त्याला नावं ठेवणारे बहुतेक वेळा स्वतः वल्हं मारणारे नसतात. फायबरची होडी हलकी, दोघांनी ओढून वर घेता येते, दरवर्षी तेल पाजावं लागत नाही. पण लाकडाची एक फळी गेली तर एकच फळी बदलता येते. फायबरला ठिगळं मारत राहायचं, आणि शेवटी तो सांगाडा किनाऱ्यावर पडून राहतो. ना कुजत, ना जाळण्यासारखा. आमच्या काठावर असे तीन आहेत.

सुताराने सगळं मिळून ४० हजार सांगितले. मदत मिळेल का, म्हणून एका कार्यालयात विचारलं. नवीन घ्यायची तर अर्ज करा, दुरुस्तीचा रकानाच नाही, असं उत्तर मिळालं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत पारंपरिक मच्छीमारांना जुन्या होडीच्या जागी नवी होडी आणि जाळी घ्यायला मदत आहे, आणि ती हवीच. पण गंमत बघा. १ जून ते ३१ जुलैच्या मासेमारीबंदीतून बिगरयांत्रिकी होड्यांना सूट मिळते, म्हणजे नियम करणाऱ्यांना या होड्या माहीत आहेत. पैसे वाटताना मात्र त्या आठवतात त्या फक्त बदलण्यापुरत्या.

मध्येच एका रिसॉर्टवाल्याने ती विकत मागितली. दारात ठेवून आत फुलझाडं लावायची होती. पैसे बरे देत होता. काका त्याच्यासमोरच मला म्हणाले, “पाण्यात घालूची नसात तर जळणाक काढ.”

मला ते पटलं. काका अजून पावसात खाडीत जाळं टाकतात, दुसऱ्याची होडी मागून. आणि काथ्याने फळी शिवणारा सुतार या भागात मला एकच माहीत आहे, सत्तरी ओलांडलेला. त्याचा मुलगा फायबरचं काम करतो. दहा वर्षांनी आमच्याकडे पैसे असतील, पण हे काम कोणाला सांगायचं?

तेव्हा ठरलंय. शिमगा झाला की काम सुरू करायचं, पुतण्याला सुताराच्या हाताखाली बसवायचं, आणि मृगाआधी होडी खाडीत. खर्च तिघा भावांत.

अडलंय फळ्यांवर. आंबा तोडायचा तर परवानगी लागते, आणि दोन फळ्यांसाठी उभं झाड पाडायला मन धजत नाही. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला भागात कोणाचं जुनं घर उतरवत असतील आणि आंब्याच्या किंवा फणसाच्या लांब, कोरड्या फळ्या निघत असतील, तर कृपया कळवा. न्यायला आम्ही येऊ.