पाणी पुसलेली तुकडी

खानावळीत कुणी पापलेट मागितलं की मी सरळ सांगतो, ‘भाऊ, इथून समुद्र लई लांब.’ आमच्याकडे देऊळगाव राजाला मासा येतो तो खडकपूर्णेच्या, म्हणजे संत चोखासागराच्या पाण्यातला. रोहू, कटला, आणि नशीब असलं तर मरळ. रोहू-कटल्याच्या मांसात फाटे फुटलेले बारीक काटे ठायीठायी रुतलेले असतात, ते रश्शातच बरे. तव्यासाठी मरळच. हा मासा हवेतला श्वास घेतो, म्हणून बाजारात टोपात जिवंत मिळतो. पाठीच्या काट्याला सुरी घासत नेली की दोन्ही बाजूंची जाड पट्टी जवळजवळ बिनकाट्याची सुटते. कातडी मात्र मी ठेवतो.

तवा बिडाचा. बिडाच्या तव्याला मासा चिकटतो अशी तक्रार करणारे तेल वाढवत बसतात. माझं म्हणणं, दोष तेलाचा नसतो, पाण्याचा असतो. ओली तुकडी टाकली की तव्याची सगळी आच ते पाणी उडवण्यात जाते. मासा भाजत नाही, वाफवला जातो आणि लोखंडाला धरून बसतो. धरणाच्या माशाला चिखलाचा वास असतो, तो चिंचेच्या कोळानं जातो. पण कोळ लावून तशीच तुकडी तव्यावर टाकली तर आंबटानं तव्यावरचा तेलाचा थरही उतरतो. म्हणून कोळ धुवायचा, मीठ चोळायचं, सुटलेलं पाणी सुती फडक्यानं टिपायचं. एकदा नव्हे, फडकं कोरडं निघेपर्यंत. मग हळद आणि ज्वारीच्या पिठाचा नुसता हात. कोकणातला रवा मी करून पाहिला. कुरकुरीत होतो खरा, पण मरळीची चव त्याखाली दबते.

बिडातून आच सावकाश पसरते, त्यामुळे तवा मंद गॅसवर निवांत तापू द्यावा. घाई केली तर मधोमध जळतो आणि कडा थंड राहतात. तेल पातळ होऊन पळू लागलं, धुराची पहिली रेघ दिसली, की कातडीची बाजू खाली. कातडी आक्रसून तुकडी वाकते; उलथन्यानं क्षणभर दाबून धरायची आणि मग हात काढून घ्यायचा. आधी जोरात चरचर, मग तो आवाज बारीक होत जातो. उलथनं कडेखाली घातलं आणि अडलं, तर अजून वेळ आहे. खालची बाजू तांबूस झाली की तुकडी आपणहून सुटते. लसूण-मिरचीचा ठेचा उलटल्यावरच वरून लावायचा. आधी लावला तर लसूण काळा पडून कडू होतो. लिंबू ताटात.

गिऱ्हाईक उठलं की तवा कोमट असतानाच पुसून, पुन्हा तापवून जवसाच्या तेलाचा बोळा फिरवतो. जवसाचं तेल वाळून घट्ट थर धरतं. सकाळी त्याच तव्यावर भाकरी टाकायची की नाही, यावर मात्र आमच्या घरात अजून एकमत नाही.