ऋतूप्रमाणे अत्तर

लखनौच्या जुन्या चौकात अत्तराची दुकाने आजही टिकून आहेत. गिऱ्हाईक आत आले की जुना, जाणता अत्तरवाला त्याची आवड विचारण्याआधी बाहेरच्या हवेचा विचार करतो. वैशाख-ज्येष्ठात अंग भाजून काढणारी लू सुटली असेल, तर तो खस, गुलाब किंवा बेल्याच्या फुलांच्या अत्तराची कुपी पुढे करील. पहिल्या पावसात भिजलेल्या मातीचा गंध साठवलेले ‘मिट्टी’ हे अत्तरही याच दिवसांतले. पौषात धुके उतरले आणि पारा पाच-सहा अंशांवर आला, की याच कुप्या मागे सरतात आणि हिना व शमामा ही उबदार वासाची अत्तरे पुढे येतात. यांतली बरीचशी अत्तरे सुमारे सव्वाशे किलोमीटरांवरच्या कनौजहून येतात. तिथे तांब्याच्या देगीत फुले किंवा मुळ्या उकळून त्यांची वाफ भपक्यातल्या चंदनाच्या तेलात जिरवण्याची जुनी पद्धत अजून चालते. भर उन्हाळ्यात कोणी शमामा मागितला, तर दुकानदार नाही म्हणत नाही. पण हा शौकीन नवखा आहे, हे तो मनोमन ओळखतो. खस सोडून हिना लावू लागलेल्या माणसाने काही गमावले, असे मात्र त्या गल्लीत कोणाला वाटत नाही. ऋतू बदलला, म्हणून अत्तर बदलले, इतकेच.

चेहऱ्याच्या बाबतीत एवढा मोकळेपणा कुठे आढळत नाही. विशीत हाताला बसलेली प्रसाधनाची रीत अनेक स्त्रिया पन्नाशीतही जशीच्या तशी चालवतात. तोंड धुतले की पावडरचा भरघोस हात, डोळ्यांत काजळाची ठसठशीत रेघ, ओठांवर तोच जुना गडद रंग. आरशातला चेहरा बदललेला असतो; हात मात्र तीस वर्षांपूर्वीच्या चेहऱ्यावर फिरत असतो. बदल करावा असे वाटले, तरी लोकांची जीभ आड येते. उतारवयात कोणी हौसेने नटली, तर लखनौकडचे लोक ‘बूढ़ी घोड़ी, लाल लगाम’ म्हणून मोकळे होतात. मराठी माणूस ‘वयाला शोभत नाही’ एवढ्यावर थांबतो, पण नजर तीच असते. तिने नटणे सोडले, तर ‘अगदीच अवकळा आली हो’ म्हणायला तीच माणसे तयार. भाषाही या बाबतीत निर्दोष नाही. ‘नट’ या शब्दाला मराठीने मान दिला आणि त्याच धातूतून आलेल्या ‘नटवी’ला टोमणा करून टाकले.

वास्तविक त्वचेचा स्वतःचा एक ऋतुक्रम असतो. चाळिशीनंतर, आणि विशेषतः मासिक पाळी थांबल्यावर, स्त्रीच्या शरीरातील संप्रेरकांचे प्रमाण घटते. त्वचेतल्या तैलग्रंथी मंदावतात. तिला ताठपणा देणारे कोलॅजन नावाचे प्रथिन कमी होत जाते, त्वचा पातळ व कोरडी होते आणि बारीक सुरकुत्या दिसू लागतात. तरुणपणी चेहऱ्यावरचे तेल टिपून घेणारी पावडर हा गुणच होता. आता टिपायला तेल उरलेले नसते. मग तीच पावडर सुरकुत्यांच्या घड्यांत जाऊन बसते आणि जे झाकायचे तेच रेघा ओढल्यासारखे उठून दिसते. लखनौच्या कोरड्या थंडीत तर ही गोष्ट लपूनच राहत नाही. तिथल्या जुन्या घरांतून थंडीच्या दिवसांत साय आणि बेसन यांचे उटणे चेहऱ्याला लावतात. त्यामागे कोणतीही जादू नाही. साबण त्वचेचे उरलेसुरले तेल धुऊन नेतो आणि साय थोडी स्निग्धता मागे ठेवते, एवढे साधे कारण आहे. आधी चेहरा ओलसर व मऊ करावा, मग रंगाचा विचार करावा आणि पावडर लावायचीच तर नाक व कपाळ यांपुरती लावावी, असा क्रम या वयात सोयीचा पडतो. ओठांची कड पुसट झालेली असते, त्यामुळे गडद व पातळ रंग बारीक भेगांतून बाहेर पसरतो. किंचित फिका, दाटसर रंग जागेवर राहतो. भुवया विरळ होतात. त्या काळ्याकुट्ट रंगाने भरल्या तर चेहरा रागीट दिसू लागतो, हे पाहणाऱ्याला कळते, पण भरणाऱ्याला सहसा कळत नाही.

न कळण्याचे कारणही वयातच दडलेले आहे. चाळिशी लागली की जवळचे दिसणे कमी होते. सुई ओवायला चष्मा लागतो, तसा काजळाची रेघ ओढायलाही लागला पाहिजे. पण चष्मा डोळ्यांवर ठेवून डोळ्यांत काजळ घालणार कसे? ही अडचण हसण्यावारी नेण्यासारखी वाटते, तरी असंख्य स्त्रियांच्या वाकड्या रेघांचे आणि गालांवरच्या एकीकडे जास्त, एकीकडे कमी अशा रंगाचे मूळ तिच्यातच असते. प्रतिमा मोठी दाखवणारा छोटा आरसा घेऊन दिवसाउजेडी खिडकीपाशी बसले, की निम्मी चूक टळते. न्हाणीघरातल्या मंद दिव्याखाली केलेला शृंगार उन्हात भलताच दिसतो.

काही जुन्या सवयी मात्र शोभेपेक्षा आरोग्यासाठी तपासून पाहायला हव्यात. उत्तर हिंदुस्थानात पिढ्यान्पिढ्या डोळ्यांत सुरमा घातला जातो. तो पुष्कळदा शिशाच्या खनिजापासून केलेला असतो आणि शिसे शरीराला विषारी असते, मग वय कोणतेही असो. पांढरे केस झाकण्यासाठी बाजारात मिळणाऱ्या ‘काळ्या मेंदी’त बहुधा एक रासायनिक रंग मिसळलेला असतो. त्याने कित्येकांच्या डोक्याला खाज सुटते, चेहरा सुजतो. म्हणून कानामागे थोडासा लावून दोन दिवस वाट पाहणे शहाणपणाचे. निव्वळ मेंदी पांढऱ्या केसांना तांबूस करते; हवी तर तिच्यानंतर निळीच्या पानांची पूड लावून रंग गडद करता येतो. कपाळावरच्या चिकट टिकलीचेही असेच आहे. काही टिकल्यांच्या डिंकातल्या रसायनाने टिकलीच्या जागी पांढरा डाग पडतो. वर्षानुवर्षे टिकली काढली नाही, की तो डाग फार उशिरा लक्षात येतो. मेण लावून त्यावर कोरडे कुंकू रेखणाऱ्या आज्यांना हा त्रास ठाऊक नव्हता.

दागिन्यांचीही एक वेगळीच गोष्ट आहे. जड कर्णफुले घालून घालून कानाची पाळी ओघळते, भोक लांबट होते, कधी पाळी तुटतेही. यावर जुन्या कारागिरांनी उपाय शोधून ठेवला होता. मराठी स्त्रिया कर्णफुलांचा भार पेलण्यासाठी मोत्यांचे वेल कानावरून केसांत अडकवीत. लखनौकडे झुमक्यांना अशीच साखळी लावतात आणि तिला ‘सहारा’ म्हणतात. दागिन्याच्या आधारासाठी केलेल्या दागिन्याला इतके सरळ नाव दुसऱ्या कोणी दिले असेल, असे वाटत नाही.

याच लखनौत एका स्त्रीने वयाबरोबर आपले रूप कसे बदलले, हे अनेकांनी डोळ्यांनी पाहिले. अख्तरीबाई फैजाबादी या नावाने ती आधी गाजली. जन्म १९१४ चा, फैजाबादचा. ध्वनिमुद्रिका, रंगभूमी, चित्रपट असा तिचा प्रवास झाला. १९४२ च्या मेहबूब खान यांच्या ‘रोटी’ चित्रपटात ती दिसली, तेव्हा साजशृंगारही चित्रपटसृष्टीच्या रीतीचाच होता. १९४५ मध्ये लखनौचे बॅरिस्टर इश्तियाक अहमद अब्बासी यांच्याशी विवाह झाला आणि गाणे थांबले. गाणारी बाई आणि घरंदाज बेगम या दोन गोष्टी एकाच घरात नांदू शकत नाहीत, अशी तेव्हाची समजूत होती. काही वर्षांच्या मौनानंतर, १९४९ मध्ये, त्या लखनौच्या आकाशवाणी केंद्रावर पुन्हा गायल्या. पुढे जगाने त्यांना बेगम अख्तर या नावाने ओळखले. पंडित विष्णु नारायण भातखंडे या मराठी विद्वानाच्या प्रयत्नांतून लखनौत १९२६ मध्ये संगीताचे महाविद्यालय उभे राहिले होते. आज त्याचे त्यांच्याच नावाचे विद्यापीठ झाले आहे. तिथे बेगम अख्तर यांनी काही काळ शिकवलेही.

त्यांच्या उत्तरायुष्यातील छायाचित्रे पाहिली, की जाणवते ती वजाबाकी. समोर हार्मोनियम, दोन्ही खांद्यांवरून घेतलेला साडीचा पदर, मागे वळवलेले केस आणि नाकात एक हिऱ्याची चमकी. चेहरा प्रौढ आहे आणि तो प्रौढच दिसू दिला आहे. पाहणाऱ्याची नजर मात्र आपोआप त्या चमकीवर जाऊन ठरते. सगळा चेहरा सजवण्याऐवजी एकच जागा निवडायची आणि बाकीचे चेहऱ्यावर सोपवायचे, हे कसब तरुणपणी साधणे अवघड. त्यासाठी आपला चेहरा पुष्कळ वर्षे ओळखीचा असावा लागतो. त्यांच्या गाण्यातही असेच काही होते. वरच्या सुरावर जाताना त्यांचा आवाज क्षणभर फुटे. दुसऱ्या गायिकेने तो दोष म्हणून दडवला असता. रसिकांनी त्याला ‘पत्ती’ असे नाव दिले आणि मैफलीत ते त्या क्षणाची वाट पाहत बसत. १९७४ च्या ऑक्टोबरात अहमदाबादेत त्यांचे निधन झाले आणि लखनौच्या पसंदबागेत, आईच्या कबरीशेजारी, त्यांना विसावा मिळाला.

मराठी वाचकाला या ठिकाणी बालगंधर्वांची आठवण होणे स्वाभाविक आहे. नारायण श्रीपाद राजहंस यांनी १९११ च्या ‘मानापमान’मध्ये भामिनी आणि १९१६ च्या ‘स्वयंवर’मध्ये रुक्मिणी अशी रंगवली, की त्यांचे लुगडे नेसणे, गजरा माळणे घरोघरच्या स्त्रियांनी उचलले. मात्र पन्नाशी उलटल्यावरही त्यांना तरुण नायिकाच उभ्या कराव्या लागल्या. बेगमसाहेबांपुढे निवड होती. बालगंधर्वांपुढे भूमिका होती आणि भूमिकेचे वय वाढत नाही. शरीर पुढे गेले आणि रंगपेटी मागे राहिली. जुन्या प्रेक्षकांनी प्रेमाने पुष्कळ डोळेझाक केली. नव्यांना ते जमले नाही. १९१९ च्या ‘एकच प्याला’तील त्यांची सिंधू मात्र आजही थोर मानली जाते. दारुड्याच्या दरिद्री संसारातल्या त्या सिंधूला शृंगाराला वावच नव्हता, ही गोष्ट विचार करायला लावते.

असे कमी-जास्त करण्याचा अधिकार प्रत्येकीला मिळाला, असे मात्र नाही. लखनौचा अभिमान म्हणजे चिकनकारी, आणि तिचे अस्सल रूप म्हणजे पांढऱ्या मलमलीवर पांढऱ्याच धाग्याचे काम. ते तरुणी घालतात, वृद्धाही घालतात. पण याच उत्तर प्रदेशात वृंदावनच्या गल्ल्यांतून फिरणाऱ्या हजारो विधवांच्या अंगावरचे पांढरे वस्त्र हौसेचे नव्हते. महाराष्ट्रात त्याची जागा तांबड्या आलवणाने घेतली होती. पती गेला त्या दिवशी कुंकू पुसायचे, बांगड्या फोडायच्या, जोडवी काढायची. मग ती स्त्री वीस वर्षांची असो की साठ, तिचा शृंगार इतरांनी ठरवलेल्या एका दिवशी संपे. वय वाढते तसा रंग हलकेच फिका करीत नेण्याची सवड तिला कधी मिळालीच नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातील शिरोळ तालुक्यात हेरवाड नावाचे गाव आहे. मे २०२२ मध्ये तिथल्या ग्रामसभेने ठराव करून या विधवाप्रथा बंद केल्या, आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर गावांनीही तसे करावे म्हणून परिपत्रक काढले. कागदावर ही गोष्ट एका पानात मावते. पण पंधरा-वीस वर्षे मोकळे राहिलेले कपाळ एका ठरावाने भरत नाही. घरातल्या सुनेने करंडा पुढे केला, तरी सासूचा हात अर्ध्यावर थांबतो. लोक काय म्हणतील हे आधी मनात येते आणि मोठे कुंकू लावावे की बारीकशी टिकली, हा प्रश्न त्यानंतर. हा दुसरा प्रश्न तिला पडू लागला, की ती आरसा खिडकीपाशी नेते आणि चष्मा शोधू लागते.